नॅसवर घरातील फोटो आणि गाण्याच्या बैठका एकत्र ठेवण्याबाबत

मांडवीकर, वडोदरा:
नमस्कार. दांडिया बाजारातील आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र राहतात. बाबांनी कॅसेटवरून संगणकात उतरवलेल्या गाण्याच्या बैठका, लग्नकार्यांच्या चित्रफिती आणि प्रत्येकाच्या मोबाइलमधले फोटो निरनिराळ्या डिस्कवर विखुरलेले आहेत. हे सर्व राउटरला जोडलेल्या दोन डिस्कच्या नॅसवर, म्हणजे घरातील सर्वांना नेटवर्कवरून वापरता येणाऱ्या साठवणीच्या डब्यावर, आणायचे आहे. आईला टीव्हीवर बैठका ऐकता याव्यात, बहिणीला मॅकवरून फोटो पाहता यावेत आणि मला विंडोजवरून नवी भर घालता यावी, एवढीच अपेक्षा आहे. बहिणीच्या मॅकमधील फोटोज ॲपची लायब्ररी जशीच्या तशी नॅसवर हलवली, तर ती सर्वांना उघडता येईल का? शिवाय दोन्ही डिस्क मिररमध्ये (एकीवरचे सर्व दुसरीवरही आपोआप तसेच लिहिले जाते अशा रचनेत) असताना वेगळा बॅकअप घ्यावा लागतो का?

स्वरसंग्रह:
लायब्ररी कृपया हलवू नका. ती एकच फाइल असल्यासारखी दिसते, पण तिच्या आत डेटाबेस आणि असंख्य फाइली असतात, आणि ती नेटवर्कवरील ड्राइव्हवर ठेवू नये असे ॲपलनेच सांगितले आहे. डेटाबेस लिहिला जात असताना वाय-फाय तुटले, किंवा दोघांनी एकाच वेळी तो उघडला, तर फोटो शाबूत राहूनही त्यांची सगळी मांडणी बिघडू शकते. लाइटरूम क्लासिक हे फोटोंचे ॲप तर नेटवर्कवरचा कॅटलॉग, म्हणजे त्याचा डेटाबेस, उघडतच नाही. म्हणून मूळ फोटो एक्स्पोर्ट करून नॅसवर वर्षवार फोल्डरांत ठेवावेत आणि प्रत्येक ॲपचा डेटाबेस त्या त्या संगणकावरच असू द्यावा.

बैठका वेव्ह या ध्वनिफाइलींच्या स्वरूपात असतील तर त्या फ्लॅक या दुसऱ्या स्वरूपात आणा, असे मी आग्रहाने सांगेन. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल तासाला सुमारे 600 एमबी जागा घेते. फ्लॅकमध्ये आवाज कणभरही न बिघडता ती बरीच लहान होते आणि राग, गायक, साथीदार ही माहिती फाइलमध्येच नोंदवता येते. आईंच्या टीव्हीसाठी 2018 पासून विकसित होत असलेले जेलिफिन हे नॅसवरील गाणी-चित्रफिती टीव्हीवर लावून देणारे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे. लिहिण्याचा अधिकार मात्र एकाच खात्याला द्यावा आणि बाकीच्यांना फक्त वाचण्याचा.

रावपुरा:
मिररला बॅकअप समजणे धोक्याचे आहे. एक डिस्क बंद पडली तर मिरर उपयोगी पडतो. पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, आणि रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) बिघडवलेली फाइल दोन्हीकडे सारखीच बिघडते. आपल्या शहरात तर 2019 चा आणि ऑगस्ट 2024 चा विश्वामित्री नदीचा पूर कोणी विसरलेले नाही. घरात पाणी शिरले तर एकाच डब्यातील दोन्ही डिस्क एकदमच भिजतील. नॅस वरच्या मजल्यावर यूपीएसला जोडून ठेवा, एका यूएसबी डिस्कवर नियमित प्रत घेऊन ती एरवी सुटी ठेवा आणि आणखी एक प्रत परगावच्या नातेवाइकांकडे असू द्या.

देवनागरी_फाइल:
फोल्डरांची नावे मराठीत असतील तर एक बारकावा ध्यानात असू द्यावा. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस या साठवण-पद्धतीच्या डिस्कवर नावातील ‘ऱ’ हा ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांत मोडून साठवला जातो, तर विंडोजवर तो सहसा एकाच चिन्हाने लिहिलेला असतो. त्यामुळे अशा डिस्कवरून थेट प्रत घेतल्यास नॅसवर ‘दसऱ्याचे फोटो’ या नावाची, डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी दोन फोल्डर तयार होऊ शकतात. फोल्डर 2024-10 अशा आकड्यांनी सुरू करून पुढचे नाव साधे ठेवले तर हा घोळ टळतो. पहिली मोठी प्रत वाय-फायवरून न करता केबलने करावी. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला 100 एमबीच्या आसपास वेग मिळू शकतो.

मांडवीकर, वडोदरा:
सर्वांचे मनापासून आभार. लायब्ररी बहिणीच्या मॅकवरच राहील, नॅस माडीवर जाईल आणि एक प्रत पुण्याला मावशीकडे ठेवू. फ्लॅकमधील नोंदी बाबांसोबत बसूनच भरीन, कारण कॅसेटच्या वेष्टनांवरची शाई पुसट झाली आहे आणि कोणत्या बैठकीत तबल्यावर कोण होते हे आता त्यांनाच ऐकून सांगता येते. सगळ्या फाइली उघडून पाहीपर्यंत जुन्या डिस्क पुसणार नाही.