गिनीतील तत्कालीन सत्ताधारी आघाडी आणि राष्ट्राध्यक्षाची तिसरी कारकीर्द

मूळ मुद्दा
पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या २०१० च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमानुसार, सलग असो वा खंडित, कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा राष्ट्राध्यक्ष होता येत नव्हते आणि १५४ व्या कलमाने या तरतुदीला हात लावण्यासही मनाई केली होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंदे यांच्या ‘आरपीजी आर्क-आँ-सिएल’ या सत्ताधारी आघाडीने मग दुरुस्तीच्या वाटेला न जाता सबंध राज्यघटनाच बदलली. २२ मार्च २०२० च्या सार्वमताने कारकीर्द पाचाऐवजी सहा वर्षांची झाली, ‘दोनदाच’ ही अट कागदावर राहिली, आणि नव्या घटनेमुळे पाटी कोरी झाली असे मानून ८२ वर्षांचे कोंदे ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा निवडून आले. त्यांच्याआधीच्या काळातील राष्ट्राध्यक्ष लान्साना कोंते यांनी २००१ मध्ये ही मर्यादा सरळ काढून टाकली होती. तो प्रकार मला तुलनेने प्रामाणिक वाटतो.

असहमत
२०१० ची राज्यघटना जनतेसमोर कधी ठेवलीच गेली नव्हती, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. ती संक्रमणकालीन परिषदेने लिहिली आणि हंगामी लष्करी प्रमुखांनी फर्मानाने लागू केली. अशा दस्तऐवजातील एखादे कलम पुढच्या पिढ्यांनाही बांधून ठेवते आणि प्रत्यक्ष सार्वमत मात्र गैर ठरते, हे कसे? शिवाय नव्या घटनेत बालविवाह आणि मुलींच्या जननेंद्रियविच्छेदनावर बंदी होती. हेतू संशयास्पद म्हणून मजकूरही टाकाऊ, हे मला पटत नाही.

असहमतीला उत्तर
याच ‘फर्मानी’ घटनेची शपथ कोंदे यांनी दोनदा घेतली. तिचा जन्मदोष त्यांच्या आघाडीला दुसरी कारकीर्द संपत आल्यावरच दिसावा, हा योगायोग नव्हे. जननेंद्रियविच्छेदनावर तर गिनीत कायद्याने आधीपासूनच बंदी होती. उणीव होती ती अंमलबजावणीची. आणि सार्वमत कसे झाले? फ्रेंचभाषक राष्ट्रांच्या संघटनेने मतदारयादीतील सुमारे २५ लाख नावांवर बोट ठेवले, मतदान १ मार्चवरून पुढे गेले, विरोधकांनी बहिष्कार घातला. ऑक्टोबर २०१९ पासून राजधानी कोनाक्रीच्या रस्त्यांवर लाल कपडे घालून, ‘अमूलान्फे’ म्हणजे ‘हे चालणार नाही’ अशी सुसू भाषेतील घोषणा देत निघालेल्या मोर्चांवर गोळ्या चालल्या आणि माणसे मेली. याला जनतेचा कौल म्हणणे धाडसाचे आहे.

पुन्हा असहमत
सार्वमतावर बहिष्कार घालणारे विरोधी नेते सेलू दालेन दियालो त्याच नव्या घटनेखाली ऑक्टोबरची निवडणूक लढले, हेही नोंदवावे. पुढे ५ सप्टेंबर २०२१ रोजी लष्करी अधिकारी ममादी दुंबुया यांनी बंड करून कोंदे यांना हटवले तेव्हा कोनाक्रीत लोकांनी जल्लोष केला. मात्र बंडानंतरच्या काळासाठी केलेल्या संक्रमण सनदेने लष्करी राजवटीतील सदस्यांना निवडणूक लढवण्यास मनाई केली असूनही, २०२५ च्या सार्वमतातून सात वर्षांच्या कारकिर्दीची नवी घटना आणून तेच दुंबुया डिसेंबरमध्ये उमेदवार झाले. आघाडीवर ठेवलेला दोष त्यांनाही लावणार का?

मूळ लेखक
अवश्य लावतो, आणि तितक्याच जोराने. मात्र अडचणीचे कलम बदलता येत नसेल तर घटनाच बदलायची, हा धडा दुंबुया यांना बराकीत नव्हे, कोंदे यांच्या आघाडीकडूनच मिळाला होता.