पाळणाघराची फी परवडेना आणि तिथल्या ताईंचा पगार पुरेना. मग पैसे भरायचे कुणी?

उचगावची आई
काल शिरोलीतल्या कारखान्यातून सुटून पाळणाघरात पोचायला सव्वासात झाले. बाकीची पोरं गेलेली. गॅलरीच्या गजावर तीन ओल्या चड्ड्या वाळत होत्या आणि माझी लेक ताईंच्या खांद्यावर झोपलेली. ताईंचा दुपारचा डबा तसाच होता. त्यांना महिना सहा हजार मिळतात. माझा पगार अठरा, त्यातले साडेचार फीला जातात. फी वाढली तर मला नोकरी सोडावी लागेल, नाही वाढली तर ताई सोडतील. हा खर्च सरकारनं उचलायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

राजारामपुरीकर
ताई, राग मानू नका, पण पोरं तुमची आणि खर्च आमच्या टॅक्समधून का? आमच्या घरी आजीनं चार नातवंडं वाढवली.

उचगावची आई
दादा, माझ्या सासूबाई अजून लोकांच्या शेतात भांगलायला जातात. आणि टॅक्सचं म्हणाल तर 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते कोल्हापूर संस्थानाच्या पैशावरच की. तेव्हाही पोरं ज्याची त्याचीच होती.

कसबा बावडा, बालवाडीवाली
मी बालवाडी चालवते, म्हणून सांगते. पगार वाढवा म्हणणं सोपं आहे. अठरा मुलं, दोन शिक्षिका, एक मावशी. भाडं आणि वीजबिल गेलं की हातात काही राहत नाही. फी दोनशेनं वाढवली तर पाच पालकांनी मुलं काढली. चोर ठरवू नका आम्हाला.

अंगणवाडी सेविका, करवीर
तुम्हाला चोर कुणी म्हणत नाही, वहिनी. आमचं बघा. 1975 पासून योजना चालू आहे, तरी आम्हाला पगार नाही, 'मानधन' मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितला तेव्हा मान्य झाला. पोरांना शिकवायचं, वजनं घ्यायची, लसीकरणाला घरोघर सांगत फिरायचं, मोबाईलवर माहिती भरायची. आणि अंगणवाडी सुटते दुपारीच, मग कारखान्यातल्या आईला तिचा काय उपयोग? केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडायची सोय आहे. ते जरूर करा, पण त्यासाठी माणूस वेगळा द्या. आमच्याच डोक्यावर टाकू नका.

राजारामपुरीकर
पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर ठेवायचं, असा 2017 पासून कायदा आहे ना? मग कंपनीकडं मागा.

उचगावची आई
आमच्या वर्कशॉपमध्ये बावीसच जण आहेत, दादा. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या बायकांनी कुणाकडं मागायचं?

राजारामपुरीकर
हे मात्र खरं. टॅक्सबद्दलचं माझं मत तेच आहे, पण अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही.

उचगावची आई
येत्या ग्रामसभेत तसा अर्ज देते. अंगणवाडीला पाळणाघर जोडा, आणि सांभाळणाऱ्या बाईला मानधन नको, पगार द्या.

कसबा बावडा, बालवाडीवाली
आमच्या भाड्याचंही लिहा त्यात. सही करायला मी येते.