सरावात टॅकल नाही, तरी ४८९ विजय: जॉन गलार्डींची पद्धत चालायची कशी?

प्रश्न
मिनेसोटातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक जॉन गलार्डी. ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. सरावात टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणं) नाही, शिट्टी नाही, दीड तासात मैदान रिकामं. मग शनिवारच्या सामन्यात ही मुलं समोरच्याला पाडायची कशी? आणि मुलं दुखावत नाहीत, याशिवाय त्यात फायदा काय?

प्रतिसाद १
टॅकल फसतं ते बहुतेक वेळा अंगाला अंग लागायच्या आधीच. धावणाऱ्याकडे जायचा कोन चुकतो, शेवटची पावलं लांब पडतात, नाहीतर मान खाली जाते. मान खाली गेली की समोरचा दिसत नाही, आणि मानेला इजा होते तीही त्यातूनच. या तिन्ही गोष्टी कुणालाही न पाडता घोटून घेता येतात. बचावपटूने योग्य जागी पोहोचायचं आणि तिथे थांबायचं.

वाचलेला वेळ कुठे जायचा, हे जास्त महत्त्वाचं. एकेक चाल पुन्हा पुन्हा चालवायची, समोरची रचना बघून चेंडू कुठे जाणार ते ओळखायचं. नुसतं टॅकल बंद केलं आणि ही घोटाई केली नाही, तर पहिल्याच सामन्यात बचाव उघडा पडतो. नक्कल करणारे इथेच फसतात.

प्रतिसाद २
फायद्याबद्दल. सेंट जॉन्स डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. म्हणजे मुलाने मध्येच फुटबॉल सोडला तरी त्याची मदत जात नाही. प्रशिक्षकाच्या हातात धाक असा काही उरतच नाही, सराव हवाहवासा वाटला तरच मुलं टिकतात. गलार्डी कुणाला संघातून काढत नसत, त्यामुळे यादी दीडशेच्या पुढे जायची. एवढ्या मुलांना रोज एकमेकांवर आदळवलं असतं, तर ऑक्टोबरपर्यंत निम्मी बाकावर दिसली असती. मुलांनी त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं, हेही त्याच धोरणातलं. मला ही त्यांची सगळ्यात मोठी अक्कल वाटते.

 

प्रतिसाद ३
कालक्रम असा: १९४३ मध्ये शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले आणि सोळाव्या वर्षी संघ गलार्डींकडे आला. १९४९ ते १९५२ माँटानातलं कॅरोल कॉलेज (२४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी), मग १९५३ ते २०१२ सेंट जॉन्स. राष्ट्रीय विजेतेपदं चार: १९६३, १९६५, १९७६, २००३. ८ नोव्हेंबर २००३ रोजी बेथेलच्या संघाला २९-२६ हरवून ४०९वा विजय मिळाला आणि ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८चा विक्रम मोडला. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात माउंट युनियनला २४-६ नमवलं, तेव्हा माउंट युनियनची सलग ५५ विजयांची मालिका तुटली.

प्रश्नकर्ता
‘धाक उरतच नाही’ हे ध्यानात आलं नव्हतं, आभार. मोठ्या कॉलेजांनी हे उचललं का?

प्रतिसाद १
डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूंनी एकमेकांना टॅकल करणं बंद केलं, आणि २०१६ मध्ये आयव्ही लीगने (डार्टमथसह आठ जुन्या विद्यापीठांचा गट) हंगामातल्या सरावासाठी तोच नियम केला. फरक एवढाच, की डार्टमथची मुलं डमीवर पूर्ण जोर लावतात. रिमोटवर धावणारी डमी तर तिथल्याच अभियांत्रिकी शाखेत तयार झाली. गलार्डींकडे ढकलायचे स्लेडसुद्धा (गादी लावलेले जड सांगाडे) नव्हते. आज कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर आधी डमी घ्यावी. मुलांना शेवटच्या पावलाचा अंदाज लवकर येतो.