शार्क पाहायला पिंजऱ्यात उतरावे का? : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०२, काकू :
सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आणि जावई जुलैमध्ये केप टाउनला जात असून, तेथून गान्सबाय या गावी जाऊन, लोखंडी पिंजऱ्यातून समुद्रात उतरून ग्रेट व्हाइट शार्क जवळून पाहायचा, असा त्यांचा बेत आहे. पैसे अजून भरलेले नाहीत. मुलीला धड पोहता येत नाही, त्यामुळे माझ्या जिवाला घोर लागला आहे. सी-१०४ च्या सरांनी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे. त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-१०४, सर :
वहिनी, जिवाच्या धोक्याचे आधी सांगतो. तेथे हा पिंजरा खोल समुद्रात सोडत नाहीत. तो बोटीच्या कडेला दोरांनी बांधलेला असतो आणि त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. अंगात जाड वेटसूट, कमरेला शिशाची वजने आणि डोळ्यांवर मास्क, एवढाच सरंजाम. बोटीवरच्या माणसाने हाक दिली की श्वास रोखायचा, आतल्या दांड्याला धरून स्वतःला पाण्याखाली ओढायचे आणि मासा समोरून गेला की पुन्हा डोके वर काढायचे. हात आणि पाय गजांच्या बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, ही शिस्त पाळली की पोहता न येणारी माणसेही पिंजऱ्यात उतरतात.

माझी शंका वेगळीच आहे. गान्सबायजवळच्या डायर बेटाला लागून गायझर रॉक नावाचा खडक आहे. तेथे फर सीलची मोठी वसाहत असून, त्यांच्या शिकारीसाठी येणाऱ्या पांढऱ्या शार्कमुळे हे गाव जगभर प्रसिद्ध झाले. परंतु २०१७ मध्ये तेथील किनाऱ्याला मोठमोठे शार्क मेलेले लागले आणि त्यांतील बहुतेकांचे यकृत नाहीसे झालेले होते. हे काम ओर्काचे, म्हणजे किलर व्हेलचे होते. पाठीवरचा पर वाकलेले दोन नर तेथे ओळखीचे झाले आहेत. एकाचा पर डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे झुकलेला असल्याने त्यांना ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ (खलाशांच्या भाषेत डावी आणि उजवी बाजू) म्हणतात. शार्कचे यकृत प्रचंड आणि तेलाने भरलेले असते, म्हणून ते तेवढेच काढून खातात. ओर्काची चाहूल लागताच पांढरे शार्क तो परिसर आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने सोडून जातात. अतिमासेमारीमुळे त्यांचे खाद्य घटले, हेही कारण काही अभ्यासक मांडतात आणि तो वाद मिटलेला नाही. आज गान्सबायला बहुतांशी ब्रॉन्झ व्हेलर जातीचे शार्क दिसतात. तेही देखणे असतात, पण मुलांना ज्याची ओढ आहे तो मासा हा नव्हे.

बी-२०१, दादा :
सर, माहितीबद्दल आभार. तथापि, माशांचे रक्त आणि तेल पाण्यात ओतून एका वन्य प्राण्याला बोटीपाशी बोलावणे मला पटत नाही. जनावराला आमिष दाखवून त्याचे दर्शन विकणे योग्य म्हणावे का?

सी-१०४, सर :
दादा, हा प्रश्न मलाही महत्त्वाचा वाटतो. आमिषाचा मासा दोरीला बांधून ओढत नेतात; तो शार्कच्या तोंडी लागू द्यायचा नसतो, आणि चांगले चालक हा नियम कसोशीने पाळतात. जेथे हलगर्जी होते तेथे किंमत शार्क मोजतो. आमिषावर झेपावलेला मासा वेगाच्या भरात गजांमध्ये घुसला तर त्याला मागे सरकता येत नाही, कारण शार्कला उलटे पोहता येतच नाही. मेक्सिकोतील ग्वादालूप बेटापाशी २०१६ मध्ये असाच एक शार्क पिंजऱ्यात शिरला होता. आतला माणूस सुखरूप वाचला. शार्कही सुटला, पण दर वेळी तसे होईल याची हमी कोण देणार? २०२३ मध्ये त्या देशाने तेथील हे पर्यटन बंद केले, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरी बाजूही मनापासून सांगावीशी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या रॉडनी फॉक्स यांना १९६३ मध्ये पांढऱ्या शार्कने इतके फाडले होते की त्यांना ४०० हून अधिक टाके पडले. त्याच गृहस्थांनी पुढे पिंजऱ्यातून शार्क पाहण्याची पद्धत रूढ केली आणि शार्कच्या रक्षणासाठी आयुष्य वेचले. ज्या माशाला लोक दिसताक्षणी मारत, त्याला १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कायद्याचे संरक्षण दिले. असे करणारा तो पहिला देश. जिवंत शार्कवर गावाचे पोट चालते, तेव्हा गावच त्याला जपते, असे माझे मत आहे.

डी-४०३, ताई :
काकू, जुलैमध्ये तेथे ऐन हिवाळा असतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या आपल्या मुलांना त्या पाण्याची थंडी बाधेल. शिवाय लाटांवर उभी असलेली बोट फार डोलते. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यायला सांगा. पोट ढवळू लागल्यावर तिचा विशेष उपयोग होत नाही.

ए-३०२, काकू :
सर, मग त्यांनी गान्सबायचा बेत रद्दच करावा का?

सी-१०४, सर :
रद्द करू नये, आधी चौकशी करावी. उजनीवर फ्लेमिंगो पाहायला निघताना आपण पक्षी आले आहेत का हे विचारतो, तसेच येथेही विचारावे. चालकाला पत्राने तीन गोष्टी विचारायला सांगा : गेल्या महिनाभरात पांढरा शार्क किती दिवस दिसला, आमिष शार्कच्या तोंडी लागू नये म्हणून ते काय करतात, आणि समुद्र खवळून फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का. पहिल्याचे उत्तर गोलमोल आले तर मॉसेल बे या गावाचीही चौकशी करावी. तेथे अलीकडेही पांढरे शार्क दिसले आहेत. मात्र ओर्का तेथेही पोहोचले आहेत. २०२३ मध्ये स्टारबोर्डने तेथे एकट्याने, दोन मिनिटांच्या आत, एक तरुण पांढरा शार्क मारल्याची नोंद आहे. त्यामुळे खात्री कोणी देत असेल, तर त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

ए-३०२, काकू :
सर, आपला संदेश मुलीला पाठवला आहे. मॉसेल बे केप टाउनपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर असल्याने एक मुक्काम वाढवावा लागेल, असे जावई म्हणतात. परतीचे तिकीट बदलता येते का, ते आज रात्री पाहणार आहेत. चालकांची उत्तरे आली की येथेच टाकते.