मदत हवी आहे : इंग्रजी शब्द नाऊन की व्हर्ब, हे ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्रजीला. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी पाचवीपासून. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे शब्दांच्या आठ जाती आजही तोंडपाठ आहेत, त्यांची नाऊन, प्रोनाऊन ही इंग्रजी नावंही येतात. तेवढ्यावर तिचा अभ्यास घेता येईल असं वाटलं होतं. पण रोज संध्याकाळी गाडी अडतेय.

परवा वाक्य होतं 'आय वॉटर द प्लांट्स'. मी सांगितलं, वॉटर म्हणजे पाणी, म्हणून नाऊन. ती म्हणाली, "बाबा, मग यात क्रियापद कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. काल 'फास्ट ट्रेन'मधला फास्ट विशेषण निघाला आणि 'ही रन्स फास्ट'मधला क्रियाविशेषण. वहीत शब्दांची यादी करून प्रत्येकासमोर जात लिहायची सवय मीच तिला लावली होती. आता ती यादीच चुकीची ठरतेय.

तिनं लिहिलेलं 'शी सिंग्ज गुड' बाईंनी चूक दिलं, 'वेल' हवं म्हणाल्या. आपण 'ती चांगली गाते' म्हणतोच ना? मग गुड का नको?

आणि कर्ता. क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलतं तो कर्ता, असं मी तिला शिकवलंय. 'मला चहा आवडतो'मध्ये क्रियापद चहाप्रमाणे चालतं, पण इंग्रजीत 'आय लाइक टी' म्हटलं की कर्ता आय. असं कसं?

तिला क्लासला घालण्याआधी मला स्वतःला हे समजून घ्यायचंय. पुस्तकांची नावं नकोत, कृपया उलगडून सांगा.

चिंचबन

दादा, आधी ती यादी बंद करा. सुटा शब्द घेऊन त्याची जात ठरत नाही, वाक्यात तो काय काम करतो त्यावर ठरते. मराठीतही हे आहेच. 'वर बघ' यातला वर क्रियाविशेषण आणि 'टेबलावर'मधला वर शब्दयोगी अव्यय. पण आपल्याकडे शब्दयोगी मागच्या शब्दाला चिकटतो, त्या शब्दाचं सामान्यरूप होतं, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत 'ही वेंट अप' आणि 'अप द हिल', दोन्हीकडे अप जसाच्या तसा.

मुलीला दोन कसोट्या द्या. शब्दाच्या आधी 'द' लावून बघायचा: 'द वॉटर इज कोल्ड' जमलं, तिथे तो नाऊन. वाक्य कालचं करून बघायचं: 'आय वॉटर्ड द प्लांट्स'. शब्दाला भूतकाळ लागला, म्हणजे तिथे तो व्हर्ब. मी वीस वर्षं शिकवतेय, या दोन कसोट्यांवर मुलांची बरीच भीती जाते.

दिवेलागण

गुड-वेलचा घोळ आपल्याच भाषेमुळे होतो. 'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो'. वर्णन गाण्याचं, पण शब्द वळतो गाणाऱ्याप्रमाणे. त्यामुळे तो विशेषणच वाटतो. इंग्रजीत गाण्याचं वर्णन करायला वेगळं रूप लागतं, वेल. मात्र 'द सूप टेस्ट्स गुड' बरोबर आहे, कारण तिथे गुड सूपचं वर्णन करतो, चाखण्याच्या क्रियेचं नाही. आणि तिला हार्डपासून जपायला सांगा. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो.

बाकी दोन्ही भाषांतल्या आठ जाती इतक्या जुळतात म्हणून आपण फसतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, त्यामुळे नावं जुळणारच. आपल्या जुन्या संस्कृत परंपरेत यास्क या भाषापंडितांनी चारच प्रकार सांगितले होते: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात (म्हणजे अव्ययं).

चिंचबन

कर्त्याचं राहिलं. दादा, तुमचा नियम इंग्रजीत चालतो, अडतो तो मराठीत! 'शी लाइक्स अ मँगो', 'शी लाइक्स मँगोज'. आंबे कितीही झाले तरी लाइक्स तसाच, कारण तो शीला बांधलेला. मराठीत 'तिला आंबा आवडतो', 'तिला आंबे आवडतात'. 'तिने पोळी खाल्ली', 'तिने लाडू खाल्ला' यांतही क्रियापद कर्माकडे बघतं, कारण तो कर्मणी प्रयोग. तुमचा नियम आपल्याकडे फक्त कर्तरी प्रयोगापुरता खरा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री यादीची वही बाजूला ठेवली आणि दोघांनी मिळून वाक्यंच केली. वॉटरनंतर हँड घेतला: 'माय हँड', 'हँड मी द बुक'. ती स्वतःहून 'हँडेड' करून बघायला लागली. पण त्यातच नवा प्रश्न आला. 'माय' प्रोनाऊन लिहायचा की ॲडजेक्टिव्ह?

दिवेलागण

'माझे पुस्तक'मधल्या माझेला आपण सार्वनामिक विशेषण म्हणतो, तोच प्रकार. शालेय व्याकरणात बहुधा पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह असतं, नवी व्याकरणं त्याला डिटर्मिनर, म्हणजे नाऊनच्या आधी येऊन ते कोणतं हे ठरवणारा शब्द, म्हणतात. तिच्या पाठ्यपुस्तकात जे असेल ते परीक्षेत लिहू द्या. 'माइन' मात्र प्रोनाऊन, कारण त्याच्यापुढे नाऊन लागतच नाही: 'धिस बुक इज माइन'.