स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन : माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या मावशीला (वय ५८, पाळी केव्हाच थांबली आहे) डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली आहे. काखेतल्या गाठीतून सुईने घेतलेला नमुनाही पॉझिटिव्ह आला. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोन्सना प्रतिसाद देणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठीत हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही). सांगलीतले सर्जन आधी ऑपरेशन करू, केमोचं नंतर बघू म्हणतात.

वाचता वाचता मुंबईच्या टाटा मेमोरियलमधला डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सापडला. साधारण १००० बायका. त्यातल्या निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं होतं. हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन, गरोदरपणात वेळेआधी प्रसूती होऊ नये म्हणून वापरलं गेलेलं. पाळीच्या कोणत्या टप्प्यावर ऑपरेशन झालं यावर पुढचं जगणं अवलंबून असतं का, या बडवे यांच्या जुन्या निरीक्षणातून ही कल्पना आली. सगळ्या बायकांचा एकत्र हिशोब केला तर ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांच्या काखेत आजार पोचला होता, त्यांच्यात ५ वर्षांनी आजार न उलटलेल्या सुमारे ६५ टक्के होत्या, इंजेक्शन न घेतलेल्यांत ५५. मावशी नेमकी याच गटात बसते, म्हणून जीव अडकलाय.

नंतर वर्षानुवर्षं घ्यायच्या टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांबद्दल मी विचारत नाहीये, त्या तर डॉक्टर देणारच आहेत.

मुख्य शंका ही की गाठ हार्मोन पॉझिटिव्ह असताना वरून हार्मोनच कसं द्यायचं? एका डोसने धोका होत नाही का? मावशीला मधुमेह आहे, साखर वाढेल का? आणि केमो आधी द्यायचं ठरलं तर या इंजेक्शनला काही अर्थ उरतो का?

इथे कुणी कॅन्सरतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा, ही पद्धत तुमच्याकडे वापरतात का? तुमच्या घरात कुणाला ऑपरेशनआधी हे दिलं होतं का? आम्ही परस्पर काही घेणार नाही. पण सर्जनांसमोर विषय काढताना नेमकं काय विचारावं, कोणता रिपोर्ट पुढे ठेवावा, ते कळलं तर फार मदत होईल. ऑपरेशनची तारीख अजून पक्की झालेली नाही, तोवरच विचारता येईल. टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं तर कागदपत्रं काय लागतात, तेही सांगा.