पायथनमध्ये सुपर() वापरल्यावर कॉल भलत्याच क्लासकडे का जातो?

प्रश्न:
पायथन ३ मधील माझ्या प्रोग्रॅममध्ये 'दस्तऐवज' हा बेस क्लास आहे, 'स्वाक्षरी' आणि 'शिक्का' हे त्याचे डिराइव्ह्ड क्लास आहेत, आणि 'दाखला' हा क्लास या दोघांना याच क्रमाने इनहेरिट करतो. चौघांतही 'छापा' ही मेथड आहे. आधी मी सगळीकडे पालक क्लासचे नाव घेऊन, उदाहरणार्थ दस्तऐवज.छापा(सेल्फ), असा कॉल करत होतो. तेव्हा दाखल्याचे शीर्षक दोनदा छापले जाई. त्याऐवजी सुपर().छापा() लिहिल्यावर ते एकदाच येते, परंतु डीबगरमध्ये पाहिले असता 'स्वाक्षरी'मधला कॉल थेट 'शिक्का'कडे जातो. 'स्वाक्षरी'च्या व्याख्येत 'शिक्का'चा उल्लेखही नाही. हा बग समजावा का?

उत्तर १:
बग नाही. सुपर() म्हणजे 'माझा पालक' असे आपण धरून चालतो आणि तिथेच गोंधळ होतो. पायथन आधी ऑब्जेक्टचा क्लास पाहतो, त्या क्लासचा मेथड शोधण्याचा क्रम घेतो आणि त्या क्रमात पुढे जो क्लास असेल त्याच्याकडे कॉल सोपवतो. आपल्या बाबतीत हा क्रम दाखला, स्वाक्षरी, शिक्का, दस्तऐवज आणि शेवटी पायथनचा मूळ क्लास 'ऑब्जेक्ट' असा आहे, दाखला.एमआरओ() छापून तो पाहता येईल. नुसत्या 'स्वाक्षरी'चा ऑब्जेक्ट बनवल्यास तोच सुपर() 'दस्तऐवज'कडे जाईल. हा क्रम सी-थ्री पद्धतीने ठरतो आणि ती पायथन २.३ पासून, म्हणजे २००३ पासून लागू आहे. मात्र 'दस्तऐवज'च्या 'छापा'मध्ये सुपर().छापा() लिहू नये, कारण त्याच्या वरच्या ऑब्जेक्ट क्लासमध्ये अशी मेथडच नाही आणि ॲट्रिब्यूट एरर येईल.

उत्तर २:
सी++ वरून आलेल्यांना हे खटकणारच. तिथे सुपर हा कीवर्डच नाही. दस्तऐवज::छापा() असे नाव घ्यावे लागते आणि कोणती मेथड चालणार हे कंपाइल होतानाच ठरते. व्हर्च्युअल इनहेरिटन्स वापरून बेसची प्रत एकच ठेवली, तरी दोन्ही मधल्या क्लासनी तिची मेथड बोलावली तर ती दोनदा चालणारच. जावाने क्लासपुरता हा प्रश्नच टाळला आहे, कारण तिथे क्लासचा पालक क्लास एकच असतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. 'शिक्का'च्या 'छापा'ला रंग हा जादा आर्ग्युमेंट लागतो, त्यामुळे आता टाइप एरर येत आहे.

उत्तर १:
साहजिक आहे, कारण 'स्वाक्षरी' तो पुढे पाठवत नाही. साखळीतल्या प्रत्येक 'छापा'ने आपल्याला हवे तेवढे घेऊन उरलेले कीवर्ड आर्ग्युमेंट दोन फुल्यांच्या (**) पॅरामीटरमध्ये गोळा करावेत आणि 'दस्तऐवज' सोडून बाकीच्यांनी ते सुपर().छापा()ला जसेच्या तसे द्यावेत. 'दाखला'मधून रंग नावानिशीच पाठवा.